पौर्णिमेच्या रात्री वाळूवर तंबू?

प्रश्न : आम्ही आटगावची पाच-सहा मित्रमंडळी. माहुली गडावर मुक्काम करायची सवय आहे. या थंडीत पाठीवर तंबू घेऊन कोकणच्या वाळूवरून चालत जायचा बेत आहे. हॉटेल नको, होमस्टे नको, पौर्णिमेच्या चांदण्यात किनाऱ्यावरच झोपायचं. वाळूत तंबूच्या खुंट्या धरतात का? पिण्याचं पाणी कुठून आणायचं? आणि रात्री समुद्र किती वर येईल हे आधी कसं ओळखायचं?
— एक वाचक, आटगाव

उत्तर : बेत झकास आहे, पण मुहूर्त तेवढा बदला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे : पंधरवड्यातल्या तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकरा. जो आकडा येईल त्याच्या आसपास पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पौर्णिमेला भरती येणार ती ऐन मध्यरात्री, तुम्ही गाढ झोपेत असताना. त्यात ते उधाण. मुंबईच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यातला फरक चार मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे मालवणला तो बराच कमी. मीटरभर पाणी ऐकायला किरकोळ वाटतं, पण पन्नास पावलांत एक पाऊल चढणाऱ्या सपाट पुळणीवर मीटरभर चढलेलं पाणी पन्नास मीटर आत येतं. संध्याकाळी सहाला, ओहोटीच्या वेळी पोहोचलात तर समोर मैदानभर कोरडी वाळू दिसेल, आणि नवखा माणूस तिथेच, समुद्राला चिकटून, तंबू टाकेल.

अष्टमीच्या आसपास उलटा प्रकार. भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढणार. ती येणार संध्याकाळी सहाला, तुम्ही जागा शोधत असताना. पाणी कुठवर आलं ते डोळ्यांनी बघा, त्याच्या बरंच वर मुक्काम करा. मध्यरात्री समुद्र लांब गेलेला असेल. शुद्ध अष्टमी धरलीत तर निम्मी रात्र चांदणंही मिळेल.

मग पौर्णिमा अगदीच वाया का? नाही, चालण्यासाठी तिच्यासारखा दिवस नाही. त्या दिवशी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे उन्हाचा त्रास नाही आणि ओली, टणक वाळू सर्वांत रुंद. ही टणक वाळू फार महत्त्वाची आहे. बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ साली मोजलं होतं की मऊ वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक शक्ती खर्ची पडते. पाठीवर ओझं असताना भरतीच्या वेळी वरच्या भुसभुशीत वाळूतून तासभर चाललात की माहुलीची चढण बरी वाटू लागेल. थोडक्यात, पौर्णिमेला चालायची सोय आणि अष्टमीला झोपायची. नवख्यांनी माझ्या मते झोप निवडावी. चांदण्याचाच हट्ट असेल तर गावातल्या कुणाच्या अंगणात पथारी टाकून तो पुरवता येतो.

जागा निवडताना वाळूवरची रेघ बघा : सुकलेलं शेवाळ, काटक्या, बाटल्या, चपला. अशा रेघा बहुधा दोन-तीन असतात. खालची आजची. सर्वांत वरची असते ती मागच्या उधाणाची, तीच खरी. त्याहून वर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसेल. नेहमीची भरती तिथवर पोहोचत नाही. तंबू तिच्या मागे लावा, तिच्यावर नको. वाळूची टेकाडं तिच्या मुळांनी धरून ठेवलेली असतात.

खुंट्यांचं म्हणाल तर नेहमीच्या बारीक खुंट्या कोरड्या वाळूत धरत नाहीत, वाऱ्याच्या पहिल्या झोतात वर येतात. चार-सहा कापडी पिशव्या न्या. पिशवीत वाळू भरायची, मध्यभागी दोरी बांधायची, हात-दीड हात खड्ड्यात आडवी पुरायची, वरून वाळू लोटून पायाने तुडवायची आणि तांब्याभर समुद्राचं पाणी ओतायचं. दोरी मग ओढून बघा, हलत नाही. तंबूचं तोंड समुद्राकडे ठेवायचा मोह होतो, पण संध्याकाळपर्यंत वारा समुद्रावरून येतो आणि रात्री मतलई वारा जमिनीवरून. तोंड दक्षिणेला ठेवलं तर दोन्ही वेळा आडोसा मिळतो आणि चेनमध्ये वाळू कमी अडकते.

पाण्याबाबत तुम्हा शहापूर तालुक्यातल्या मंडळींना काय शिकवायचं? तानसा आणि भातसा ही धरणं उशाशी असताना चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघणारा आपला तालुका. किनाऱ्यावर मात्र एक नवल आहे : वाळूच्या पट्ट्यात मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यानं त्यावर तरंगतं. म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावरल्या वाडीतही गोड्या पाण्याच्या विहिरी असतात. मालवणजवळ चहूबाजूंनी समुद्र असलेल्या सिंधुदुर्गातसुद्धा दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आहेत. त्या खडकातल्या, पण पाणी पावसाचंच. तरी वाळूत खड्डा खणून पाणी शोधायच्या फंदात पडू नका. वाडीवाल्यांना विचारून विहिरीचं घ्या आणि माणशी चार लिटर सोबत असू द्या.

आता वाटेविषयी. नकाशात किनारा सलग दिसतो, पायाखाली तो तसा नसतो. केळशीच्या उत्तरेला भारजा नदीची खाडी, अंजर्ल्याला जोग नदीची, बाणकोटला सावित्रीची. मधे मधे डोंगर थेट समुद्रात घुसलेले. ओहोटीत त्यांना खालून वळसा घालता येईलसं वाटतं, पण घालू नका, सड्यावरची पायवाट धरा. कॅलिफोर्नियातल्या लॉस्ट कोस्ट या प्रसिद्ध वाटेवर असे काही टप्पे भरतीला पाण्याखाली जातात, म्हणून जाणती माणसं भरतीचा तक्ता खिशात ठेवूनच निघतात. खाडीच्या मुखाशी चालत पलीकडे जायचा प्रयत्न तर अजिबात नको. पाय रुततो आणि पाण्याला ओढ असते. पूल किंवा होडी बघा.

वेळास, अंजर्ले, गुहागर इथे थंडीत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला वर येतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात आणि उजेडाकडे धावतात. विजेरी, शेकोटी, तंबूतला दिवा, सगळं त्यांना समुद्रापासून भरकटवतं. कासवाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं : नोव्हेंबर ते मे या किनाऱ्यांवर तंबू नको. वेळासला गावकरी घरात उतरवून घेतात, तिथे राहा. होमस्टेचा राग थोडा बाजूला ठेवा.

शेकोटी एरवीही टाळाच. सुरूच्या बनात वाळलेल्या काड्यांचा थर असतो, तो भरकन पेटतो. शिवाय बरीचशी बनं वनखात्याची आहेत. मुक्कामाआधी ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना भेटून विचारा. नाही म्हणाले तर नाही.

पहिल्याच फेरीला दापोलीपर्यंत धावू नका. २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेलं केळवे जवळ आहे : कसारा लोकलने दादर, तिथून विरार, मग डहाणू लोकलने केळवे रोड आणि पुढे रिक्षा. मुक्काम न करता एक दिवस नुसती भरती-ओहोटी बघून या. पाणी कुठवर येतं तिथे काठी रोवा आणि पाऊणच्या हिशेबाशी वेळ ताडून बघा. परतताना शेवटच्या कसारा लोकलची वेळ मात्र तिथीवरून काढता येत नाही, ती आधी बघून ठेवा.