बहिऱ्या आईचं पिल्लू

प्रश्न : किनाऱ्याला लागलेल्या एका गाभण डॉल्फिन मादीला अमेरिकेत वाचवलं आणि पुढे ती व्याली, असं वाचनात आलं. आजारी, परक्या जागी, माणसांच्या गराड्यात असलेल्या अशा मादीला पिलाची माया येते का? ती त्याला ओळखते कशी? आणि अशी मायलेकरं आमच्या किनाऱ्यावर आली तर आम्ही काय करावं?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : तुम्ही वाचलेली मादी बहुधा ‘कास्टअवे’ असावी. २००६ च्या अखेरीस ती फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हेरो बीचजवळ वाळूत येऊन रुतली. गाभण होती. पुढे तिला की लार्गो इथल्या सागरी सस्तन प्राण्यांच्या शुश्रूषा केंद्रात नेलं आणि २००७ मध्ये तिला पिल्लू झालं. त्याचं नाव ठेवलं विल्सन. टॉम हँक्सचा ‘कास्ट अवे’ चित्रपट पाहिलेल्यांना त्यातला याच नावाचा व्हॉलीबॉल आठवेल! पण या गोष्टीतली खरी मेख निराळीच आहे. तपासणीत असं निघालं की कास्टअवे बहिरी आहे.

डॉल्फिन बहिरा म्हणजे नुसता बहिरा नव्हे, अर्धाअधिक आंधळाही. आपल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून तो मासे शोधतो, खडक टाळतो. ते कान गेले की खोल किंवा गढूळ पाण्यात त्याचा निभाव लागणं कठीण, म्हणून अशी मादी पुन्हा समुद्रात सोडता येत नाही. शुश्रूषा करणाऱ्यांना दुसरीही काळजी होती : डॉल्फिनच्या आईचं आणि पिलाचं नातं बरंचसं आवाजावर चालतं. आईलाच ऐकू येत नसेल, तर पिलाची हाक पोचणार कुणाला?

१९६५ मध्ये मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या दांपत्याने दाखवून दिलं की बॉटलनोज जातीच्या प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची अशी एक शीळ असते. ती बहुतेकदा पहिल्या वर्षात ठरते आणि, मादीची तर विशेषच, पुढे वर्षानुवर्षं टिकते. कळपापासून लांब गेलेला डॉल्फिन हीच शीळ घालतो. मी अमुक, मी इथे आहे, एवढाच तिचा अर्थ. आणि आई या कामाला फार लवकर लागते. कॅलिफोर्नियातल्या व्हालेहो इथल्या प्राणिउद्यानात बेला नावाच्या मादीचा आवाज बाळंतपणाच्या आधी आणि नंतर ध्वनिमुद्रित केला होता. पिल्लू जन्माला येण्याच्या दोनेक आठवडे आधीच बेलाने आपली शीळ घालण्याचा सपाटा वाढवला आणि जन्मानंतरही दोन आठवडे तो चालू ठेवला. आजूबाजूचे डॉल्फिन मात्र त्या काळात आपापल्या शिळा आवरत्या घेत होते. पिलाच्या कानांवर आधी आईच पडावी म्हणून इतरांनी केलेली ही सोय असावी, असा अंदाज आहे. एका मादीवरून नियम बांधता येत नाही, हे खरं. तरी घरात नवं बाळ आल्यावर सगळ्यांचे आवाज खाली येतात, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

फ्लोरिडातल्याच सारासोटा उपसागरात १९७० पासून जंगली डॉल्फिनांचा अभ्यास चालू आहे. पिढ्यांमागून पिढ्या तिथल्या संशोधकांच्या ओळखीच्या आहेत. आरोग्यतपासणीसाठी डॉल्फिन थोडा वेळ धरून ठेवतात, तेव्हा त्यांच्या कपाळाला पाण्यात चालणारा मायक्रोफोन चिकटवतात. अशी ३४ वर्षांची ध्वनिमुद्रणं चाळून २०२३ मध्ये लैला सईघ आणि सहकाऱ्यांनी १९ माद्यांची तुलना प्रसिद्ध केली. पिल्लू जवळ असताना त्याच माद्यांची तीच शीळ अधिक वरच्या पट्टीत जाते आणि तिचे चढउतारही वाढतात. आपण तान्ह्या मुलाशी बोलताना आवाज बारीक करतो, लाडिक हेल काढतो, अगदी तसंच! याच ध्वनिमुद्रणांतून आधी आणखी एक गोष्ट कळली होती. एकमेकांपासून वेगळे ठेवलेले डॉल्फिन कधी कधी दुसऱ्याच्या शिळेची नक्कल करतात, पण ती कुणाचीही नव्हे. आई आणि पिल्लू किंवा जोडीने वावरणारे नर, असे जिवाभावाचे असले तरच. म्हणजे आई पिलाला चक्क नावाने हाक मारते, असं म्हणायला हरकत नसावी.

मग बहिऱ्या आईकडे काय उरतं? पुष्कळ काही उरतं. पिल्लू जन्मतं ते बहुधा शेपटीकडून, आणि जन्मल्या जन्मल्या त्याला पोहून वर येऊन श्वास घ्यावा लागतो. लगेच ते आईच्या कुशीलगत, पाठीवरच्या पराच्या आसपास जागा धरतं. तिच्या अंगाभोवती वाहणाऱ्या पाण्याच्या ओढीवर ते जवळपास फुकट पुढे जातं. फुकट म्हणजे पिलाला; आईला त्याची किंमत पडते. मोजमापांत असं आढळलं की पिल्लू असं कुशीला असताना आईचा वेग सुमारे चौथाईने घटतो. दूध पिणंही पोहता पोहताच, काही सेकंदांच्या खेपांनी. पिलाच्या जिभेच्या कडांना झालर असते, ती स्तनाग्राभोवती गुंडाळली की दूध समुद्रात सांडत नाही. २००५ मध्ये तर काही संशोधकांनी असं मांडलं की पहिला महिनाभर आई आणि पिल्लू जवळजवळ झोपतच नाहीत. जपानी संशोधकांनी त्यावर हरकत घेतली : झोपतात, पण पोहता पोहता. ओली बाळंतीण कुणाची बाजू घेईल, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्याला माया म्हणावं का? मला तरी म्हणायला संकोच वाटत नाही. डॉल्फिन मादीच्या मनात काय चालतं ते आपण सांगू शकत नाही. ती काय करते ते मात्र दिसतं, आणि माया माणसांतही आपण त्यावरूनच ओळखतो. पिल्लू एक वर्ष पोटात वाढतं, जन्मल्यावर साधारण तीन ते सहा वर्षं आईबरोबर राहतं. डॉल्फिनांच्याच कुळातल्या किलर व्हेलची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०१८ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या समुद्रात तहलेक्वा नावाच्या मादीचं पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात गेलं, आणि ते मेलेलं पिल्लू ती १७ दिवस डोक्यावर तोलत फिरली. फ्रेंच पॉलिनेशियातल्या रांगिरोआ इथे २०१४ मध्ये एका बॉटलनोज मादीने स्वतःचं पिल्लू जवळ असताना दुसऱ्याच जातीचं पिल्लू पदरात घेतलं आणि ते तिच्याबरोबर जवळपास तीन वर्षं राहिलं. रक्ताचं नातं नाही, जात एक नाही, आणि तरीही!

आता तुमच्या किनाऱ्याविषयी. हर्णै, दापोलीपासून मालवणपर्यंत आणि पुढे गोव्यातही किनाऱ्यालगत उथळ पाण्यात दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेले. पर्यटकांच्या होड्याही तिथेच घोंगावतात. इंजिनाच्या आवाजात शीळ बुडते, म्हणून पिल्लू बरोबर दिसलं की होडीवाल्याला इंजिन बंद करायला किंवा लांबून जायला सांगा. पाठलाग तर नकोच.

मायलेकरं वाळूवर आली तर आधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तोवर त्यांना पोटावर उपडं राहू द्या, सावली करा, ओली फडकी टाका. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र झाकू नका आणि त्यात पाणीही जाऊ देऊ नका. पर किंवा शेपटी धरून ओढायचं नाही. पिल्लू हलकं म्हणून आधी त्यालाच समुद्रात ढकलावं असं कुणाला तरी वाटतंच. ते करू देऊ नका, एकटं पिल्लू जगत नाही. भुकेलं दिसलं म्हणून गाईचं दूधही पाजू नका, डॉल्फिनचं दूध फार वेगळं, चरबीने दाट असतं. आणि दोघांना हलवायची वेळ आली तर शेजारी शेजारी ठेवा, एकमेकांचा आवाज पोचेल इतक्या अंतरावर.