टोमॅटोचं घड्याळ आणि पुसून जाणारा धडा

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो आहे. धाकटी बहीण मोबाइलवर टोमॅटोचं घड्याळ लावून बरोबर २५ मिनिटं अभ्यास करते. हा टोमॅटो आला कुठून आणि पंचवीसच मिनिटं का? मी तासन्‌तास वाचतो, तरी आठवड्याभरात सगळं पुसून जातं. या घड्याळानं फरक पडेल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट पाहिलेल्या नाशिककराला हा प्रश्न पडणारच. हा टोमॅटो मात्र इटलीतला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना. निदान दहा मिनिटं तरी आपण मन लावून बसू शकतो का, अशी त्यानं स्वतःशीच पैज लावली आणि स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवलं. टोमॅटोला इटालियनमध्ये ‘पोमोडोरो’ म्हणतात, पद्धतीला तेच नाव पडलं. २५ मिनिटं काम आणि मग छोटी विश्रांती, हे माप त्यानं पुढे स्वतः करून पाहत ठरवलं.

आपली घटकाही २४ मिनिटांचीच. लग्नघरी घंगाळातल्या पाण्यावर बारीक छिद्राची वाटी सोडत, ती भरून बुडाली की एक घटका झाली. दोन्ही मापांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि पंचविसाच्या आकड्यात काही खास गुणही नाही. पाळीवरून दमून आल्यावर पंधराच मिनिटं बसवत असेल, तर पंधराचं लावा. एवढं झालं की उठायला मोकळा, हा भरवसा घड्याळ देतं. त्या भरवशावर माणूस बसतो.

बसल्यावर काय करता, त्यावर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवलंबून आहे. विसरण्याचं दुःख तुमच्या एकट्याचं नाही. हेरमान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून स्वतःचीच परीक्षा घेतली आणि १८८५ मध्ये ते सगळं प्रसिद्ध केलं. पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच निसटत होतं.

यावरचा उपाय मला सर्वांत पटला तो २००६ च्या एका अमेरिकी प्रयोगामुळे. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार फेऱ्यांत नुसता वाचला. काहींनी एक फेरी वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के सांगता आलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. तुमची फसगत नेमकी इथे होते. रात्री पुस्तक मिटताना सगळं आल्यासारखं वाटतं, कारण ते नुकतंच डोळ्यांखालून गेलेलं असतं. आपल्या आज्या दिवेलागणीला मुलांकडून परवचा म्हणून घेत, तेव्हा पाटी-पुस्तक समोर नसायचं. डोक्यातून ओढून काढावं लागायचं, आणि म्हणून पाढे जन्मभर टिकायचे.

तेव्हा एक साधन जरूर करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या करा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. मिठाईच्या खोक्यात तीन कप्पे पाडा. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकलं की थेट पहिल्यात परत. ही युक्ती १९७० च्या दशकात झेबास्टियान लाइटनर यांनी सुचवली. मोबाइलवरचं ‘अंकी’ हे अ‍ॅप याच तत्त्वावर चालतं. तरी मी खोकंच सुचवेन. मोबाइल हातात घेतला की निरोप वाचण्यातच घटका जाते, आणि प्रश्न स्वतः लिहिताना निम्मा पाठ तयार होतो.

प्रश्न शोधायला लांब जायला नको. मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं ते नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी, आणि त्याची पुस्तकं शिक्षक समोर नसेल हे धरूनच लिहिलेली असतात. म्हणून पाठात मध्येमध्ये प्रश्न येतात. बहुतेक विद्यार्थी ते ओलांडून पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं. शिक्षकानं वर्गात थांबून विचारावं, ती जागा तिथे असते.

पाच रंगांचं वेळापत्रक मात्र करू नका. पाळी बदलली की ते कोलमडतं आणि मन खट्टू होतं. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा पाठ घ्यायचा नाही, फक्त खोक्यातल्या चिठ्ठ्या. दहा-बारा चिठ्ठ्या खिशात टाकल्या तर कंपनीच्या बसमध्येही होतात. आणि बहिणीचं घड्याळ वाजून तिची पाच मिनिटांची सुट्टी झाली, की गठ्ठा तिच्या हातात द्या. ती विचारेल, तुम्ही सांगा.