दारावरचा नकार

शुगर लँड, टेक्सास

चि. निखिल,


यातलं काहीही मी तुझ्या आईला सांगितलेलं नाही. साताऱ्यात बसून ती रात्ररात्र जागेल आणि त्याने कुणाचंच भलं होणार नाही. पण परवा फोनवर तू जे म्हणालास त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. तू पिस्तूल घेतलंस, वर्ग केलास, नेमबाजीची परीक्षा दिलीस, टेक्सासचा परवाना काढलास. इथवर माझी तक्रार नाही. तुझ्या कामाच्या वेळा विचित्र आहेत, अपरात्री रिकाम्या पार्किंगमधून एकट्याने चालत जावं लागतं, आणि या राज्याने तो हक्क तुला दिला आहे. माझं दुखणं पुढे आहे. दुकानाच्या दारावर बंदुकीला मनाई असल्याची पाटी दिसली तरी तू तसाच आत जातोस, कारण ‘शर्टाखाली आहे मावशी, कुणाला कळतंय?’

हे थांबव. का, ते सविस्तर लिहिते.

आधी कायदा, कारण त्यातलं अर्धंच तू धरून बसला आहेस. टेक्सासच्या दंडसंहितेतलं ३०.०६ हे कलम तुझ्यासारख्या परवानाधारकांसाठीच केलेलं आहे. ठरवून दिलेला मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, उठून दिसेल अशा रंगात मालकाने प्रवेशाशी लावला, की लपवलेलं पिस्तूल घेऊन आत पाऊल टाकणं हा गुन्हा ठरतो. दंड जास्तीत जास्त २०० डॉलर. तो आकडा सांगतानाच तू हसलास. पण आत असताना कुणी तुला समोर येऊन निघायला सांगितलं आणि तू निघाला नाहीस, तर तोच गुन्हा थेट ‘क्लास ए’मध्ये जातो. म्हणजे वर्षभरापर्यंत तुरुंग, ४,००० डॉलरपर्यंत दंड, आणि पुढची ५ वर्षं परवान्याचं नाव काढायचं नाही. लाल रंगात ‘५१%’ लिहिलेली पाटी असते, ती मुख्यतः तिथेच बसून प्यायच्या दारूवर चालणाऱ्या जागांची. तिथे तुझा परवाना असून नसल्यासारखा.

तू म्हणतोस, बंदुकीच्या चित्रावर काट मारलेली नुसती पाटी परवानाधारकाला बांधत नाही. खरं आहे, टेक्सासमध्ये तसंच आहे. पण दुकानदाराला काय सांगायचं होतं ते तुला समजलं की नाही? देवळाच्या पायरीशी चपला काढताना आपण कुणाला कलम विचारत नाही. अक्षरं पाऊण इंचाची भरली म्हणून त्या माणसाच्या नकाराचा होकार होत नाही. आणि राज्य ओलांडलं की हा हिशेबच बदलतो. फ्लोरिडात पाटी मोडणं हा आपोआप गुन्हा नाही, पण जा म्हटल्यावर बंदुकीसह तिथेच थांबलास तर ती फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा होतो. हवाईने २०२३ मध्ये नियमच उलटा केला. मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज त्याच्या जागेत पिस्तूल न्यायला त्या कायद्याने बंदी घातली, आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कामानिमित्त तू सतत फिरत असतोस. प्रत्येक विमानतळावर उतरून नवी पळवाट पाठ करणार आहेस का?

आता जे तुझ्या गोऱ्या मित्रांना लागू नाही आणि तुला आहे ते. तू अजून ग्रीन कार्डवर आहेस. बंदूक बेकायदा बाळगण्याबद्दल दोष सिद्ध होणं हे इथल्या इमिग्रेशन कायद्यात देशाबाहेर काढण्याचं एक वेगळं, स्वतंत्र कारण आहे. पाटी ओलांडल्याचा किरकोळ दंड त्यात बसतो की नाही यावर वकील कोर्टात भांडतील. तू त्या भांडणाचा विषय कशाला होतोस? नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४०० मध्ये, कधी अटक झाली का, कधी समन्स किंवा दंडाची पावती मिळाली का, असं सरळ विचारतात. तुझ्या खोलीत राहणारा मुलगा तर एच-वन-बीवर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर त्या व्हिसावरच्या माणसाने पिस्तूल ताब्यात ठेवणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. ‘जरा धर, मी आत जाऊन येतो’ म्हणून त्याच्या हातात देशील, आणि उद्ध्वस्त तो होईल. हे एवढं तरी आजच मनात पक्कं कर.

पण तू कायद्याला भिऊन थांबावंस एवढ्यासाठी मी लिहीत नाही. तुझा खरा मुद्दा ग्रीनवुडचा होता, आणि त्याला उत्तर द्यायला हवं. १७ जुलै २०२२ ला इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये एकाने रायफलने गोळीबार सुरू केला, तिघांना मारलं. तिथे खरेदीला आलेल्या २२ वर्षांच्या मुलाने सुमारे ४० यार्डांवरून, पहिल्या गोळीपासून १५ सेकंदांच्या आत त्याला पाडलं. मॉलच्या नियमांत शस्त्रांना बंदी होती. त्या मुलाने नियम पाळला असता तर आणखी किती माणसं गेली असती, हा तुझा प्रश्न. मी तो टाळत नाही. त्या मुलाने जीव वाचवले, आणि मी त्याच्या आईच्या जागी असते तर मला त्याचा अभिमान वाटला असता.

पण त्या एका संध्याकाळवरून तू रोजचा रिवाज बांधतो आहेस. २०१८ च्या थँक्सगिव्हिंगच्या रात्री अलाबामातल्या हूव्हरच्या मॉलमध्ये गोळीबार झाला, तेव्हा २१ वर्षांचा एक मुलगा हातात पिस्तूल घेऊन धावला. पोलिसांना तोच हल्लेखोर वाटला आणि त्यांनी त्याला ठार केलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनीच सांगितलं की गोळ्या त्याने झाडल्या नसाव्यात. तो मुलगा काळा होता. तू सावळा, दाढीवाला, घाबरलास की तोंडातून मराठी येणारा. धुरात आणि आरडाओरड्यात एखादा पोलीस दोन सेकंदांत तुला काय समजेल, याचा विचार ग्रीनवुडचं नाव घेताना तू केला नाहीस. मी केला, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि बहुतेक दिवशी कुठलाच हल्लेखोर येत नाही. येतो तो साधा दिवस. आयडाहोतल्या हेडनमध्ये ३० डिसेंबर २०१४ ला एक तरुण आई मुलांना घेऊन सुपरमार्केटमध्ये गेली होती. परवाना होता, पिस्तूल पर्समध्ये होतं, त्यासाठीच शिवलेल्या चेनच्या कप्प्यात. दोन वर्षांच्या मुलाने ट्रॉलीत बसल्या बसल्या चेन उघडली आणि गोळी सुटली. आई जागच्या जागी गेली. त्या दुकानात मनाईही नव्हती, तिने कुठला नियम मोडला नव्हता. जिथे बंदूक असते तिथे एवढा धोका असतोच, आणि तो आपल्या छताखाली घ्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क दुकानाच्या मालकाचा आहे. तुझा नाही.

माझ्या फार्मसीच्या काचेवर ३०.०६ ची पाटी आहे, तू ती पाहिली आहेस. काचेचा अर्धा भाग त्या अक्षरांनीच भरला आहे, शेजारी फ्लूच्या लशीची जाहिरात लावायला जागा उरली नाही. ती का लावली हे तू कधी विचारलं नाहीस. काउंटरवर माझ्याकडे एक बाई काम करते. तिच्या पहिल्या नवऱ्याने स्वयंपाकघरात, मुलीच्या देखत, तिच्या कपाळाला पिस्तूल टेकवलं होतं. रुजू झाल्यावर काही आठवड्यांनी एक सज्जन म्हातारे गृहस्थ खालच्या फळीवरचं व्हिटॅमिन काढायला वाकले, शर्ट वर सरकला आणि कमरेचं होल्स्टर दिसलं. हिच्या हातातल्या गोळ्यांची ताटली खाली पडली. मागच्या खोलीत जाऊन ती जमिनीवर बसली आणि तासभर तिला उठता आलं नाही. त्या गृहस्थांची काहीच चूक नव्हती, तेव्हा पाटी नव्हती. त्याच आठवड्यात मी ती लावली. काही गिऱ्हाईकं तुटली. एकाने मला तोंडावर सांगितलं की तो यापुढे औषधं दुसरीकडून घेईल, आणि घेतो. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. तो मला फसवून आत येत नाही.

निखिल, पाटीमागचं कारण दुकानदार दारावर लिहू शकत नाही. माझ्याकडच्या त्या बाईची गोष्ट मी काचेवर चिकटवू का? कुणाचा विमा असेल, कुणाच्या दुकानात पूर्वी काही घडलं असेल, कुणाला नुसतीच बंदूक नको असेल. कारण पटलं तरच नकार मानायचा, असं म्हणणारा माणूस मुळात नकार मानतच नाही. शिवाय टेक्सासने लपवून बाळगायला परवानगी दिली ती माणसाच्या शब्दावर. दारात कुणी झडती घेत नाही, कुणी विचारत नाही. तुझ्या कमरेला काय आहे हे ठाऊक असलेला तिथला एकटा माणूस तू. कुणाला कळत नाही, हे तुझ्यासाठी जास्त जपून वागायचं कारण आहे, आणि तू नेमकं ते मोकळीक म्हणून वापरतो आहेस.

इथे बंदूक बाळगायच्या हक्कासाठी सगळ्यात मोठी किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याकडे बघ. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीनच्या लुबीज कॅफेटेरियात एकाने काच फोडून ट्रक आत घातला आणि २३ माणसं मारली. सुझाना हप तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा टेक्सासमध्ये ते लपवून जवळ बाळगणं बेकायदा होतं. त्या खिडकीतून निसटल्या. वडील आणि आई दोघंही गेले. एवढं झाल्यावर त्यांनी चोरून बाळगायला सुरुवात केली असती तर कोण त्यांना दोष देणार होतं? त्यांनी उघडपणे, समित्यांसमोर बसून, पुन्हा पुन्हा तो दिवस सांगितला. १९९५ मध्ये परवान्याचा कायदा झाला, पुढच्या वर्षी त्या स्वतः विधानसभेवर निवडून आल्या. तुझ्या खिशातलं कार्ड त्या झगड्यातून आलं आहे. आणि मालकाला नाही म्हणायची मुभा देणारं ३०.०६ हे कलमही दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये त्याच विधिमंडळाने केलं. अर्धा करार तुझा आणि अर्धा कचऱ्यात, असं चालणार नाही.

म्हणून आता काय करायचं ते सांगते. जिथे मनाई आहे तिथे जायचंच असेल तर पिस्तूल घरी ठेवून जा. दिवसभरात चार ठिकाणी उतरायचं असेल तर निघतानाच विचार कर, कारण प्रत्येक पार्किंगमध्ये ते काढायचं आणि लावायचं यातच अपघात होतात. गाडीत ठेवावंच लागलं तर होल्स्टरसकट काढ, नळीशी आणि घोड्याशी खेळ नको, आणि सीटच्या लोखंडी पट्टीला केबलने बांधलेल्या पोलादी पेटीत ठेव. ग्लव्ह बॉक्समध्ये नको. गाड्या फोडणारे पहिला हात तिथेच घालतात, आणि तुझं चोरीला गेलेलं पिस्तूल पुढे कुणावर रोखलं जाईल याचा जबाब तुला स्वतःला द्यावा लागेल. ऑफिसच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत ठेवायची मुभा टेक्सासने २०११ पासून नोकरदारांना दिली आहे. आत नेण्याबद्दल मात्र कंपनीचा शब्द चालतो, तेव्हा कंपनीचं नियमपुस्तक एकदा नीट वाच.

मराठी मंडळाचा गणपती तुमच्याकडे शाळेच्या सभागृहात असतो ना? शाळेची इमारत परवानाधारकालाही बंद आहे, आणि तिथे गाठ पडते ती फेलनीशी, २ ते १० वर्षांची. आरतीला जाताना कमरेला काही नको. मंडळातल्या ज्या दुसऱ्या मुलाने तुझ्याबरोबर परवाना काढला त्यालाही हे सांग. त्याला माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे.

आणि तुझ्या जिमच्या दारावरची मनाईची पाटी तुला फारच खुपत असेल, तर मॅनेजरला भेट. परवानाधारकांची काय तपासणी होते, काय शिकवलं जातं, ते सांग, त्याचं ऐकूनही घे. तो बदलला तर उत्तम. नाही बदलला तर वर्गणी बंद कर आणि का बंद केलीस ते त्याला लेखी कळव. तुमच्या भागात दुसऱ्या जिम भरपूर आहेत.

पेटी घेतलीस की फोटो पाठव. आणि खोलीतल्या मित्राला एच-वन-बीचा नियम तू स्वतः सांग, दुसऱ्याकडून त्याच्या कानावर जायला नको. पुढच्या महिन्यात मी डॅलसला येते आहे, तेव्हा यावर कितीही भांड, मी ऐकेन.

तुझी,
सुनंदामावशी