हातोडीवाले बहुउपयोगी हत्यार घेताना

कापडाच्या गाठीची पट्टी तोडणे, रॅकचा सुटलेला खिळा ठोकणे, शटरचा स्क्रू आवळणे ही किरकोळ कामे दुकानात रोजचीच असतात. म्हणून मूलच्या आठवडी बाजारातून मी हातोडी, पक्कड, चाकू आणि पेचकस एकत्र असलेले हत्यार आणले. तिसऱ्याच खिळ्याला मुठीतला चाकू झटक्याने उघडला आणि बोट कापले. चूक माझीही होती. कापडाचा पोत आम्ही चोळून पाहतो, इथे मात्र नुसती चकाकी पाहिली!

पकडीभोवती बेतलेले घडीचे हत्यार अमेरिकेतील टिम लेदरमन यांनी १९८३ साली विक्रीस आणले. पुढे अशा हत्यारांना हातोडीही जोडली जाऊ लागली. अडचण तिथेच आहे. पकडीला दाब सोसावा लागतो, हातोडीला दणका. हा दणका मधल्या रिव्हेटवर बसत राहिला की पक्कड सैल होते, मग तार धड कापली जात नाही.

तेव्हा कारागीर बांधवांनी आधी डोके पाहावे. ते पकडीच्या जबड्याशी एकसंध घडवलेले असावे, वेगळे डकवलेले नको. चुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर बहुधा जस्ताचे ओतकाम असते. खिळ्यावर दहा घाव घातले की त्याला खड्डे पडतात. चाकू उघडल्यावर आणि मिटल्यावरही अडकून राहिला पाहिजे. मूठ मिटून जोरात झटकून पाहावी. मुठीवर रबर आहे म्हणून विजेच्या चालू तारेला मात्र लावू नये. ते रबर पकड बसावी म्हणून असते.

सुतारबंधूंना हे हत्यार घेण्याचा सल्ला मी देणार नाही. आपल्याकडचे ऐनाचे लाकूड असल्या हलक्या डोक्याला दाद देत नाही, त्याला लांब दांड्याची वजनदार हातोडीच हवी. रानडुकरांसाठी शेताला तारेचे कुंपण करणाऱ्यांनी कुंपणाची पक्कड घ्यावी. तिच्यात हातोडी, तार कापायची धार आणि यू-खिळा उपटायचे टोक असते, घडीचे पाते एकही नसते. सायकल दुरुस्तीवाले, फेरीवाले आणि आमच्यासारखे दुकानदार यांना घडीचे हत्यार पुरते.

विकत घेताना खिशात दोन खिळे आणि लाकडाचा तुकडा न्यावा. विकणारा ठोकून पाहू देत नसेल तर पुढचे दुकान गाठावे.