बालवाडीतील सेवकवर्गाची आरोग्यतपासणी

बालवाडीत शिक्षिका, मदतनीस किंवा स्वयंपाकीण यांची नेमणूक करण्यापूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी का करावी, हे क्षयरोगाच्या उदाहरणावरून चांगले समजते. या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ साली शोधून काढले. रोगी खोकला म्हणजे ते सूक्ष्म तुषारांतून हवेत पसरतात. लहान मुलांना ही लागण बहुधा मोठ्या माणसांकडूनच होते. पाच वर्षांखालील मुलांत रोग लवकर बळावतो व कधीकधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. म्हणून त्यांच्यासमवेत एका खोलीत तासन्‌तास वावरणाऱ्या व्यक्तीची छाती निर्दोष असणे अगत्याचे आहे.

तपासणीत प्रथम खोकला, ताप व वजनातील घट यांची चौकशी होते. त्वचेत ट्यूबरक्युलिन टोचून ४८ ते ७२ तासांनी उठलेली गाठ मोजण्याची रीत शार्ल मांतू याने १९०८ साली प्रसिद्ध केली. परंतु ही गाठ लागण दर्शविते, रोग नव्हे. भारतात लागण झालेले निरोगी प्रौढ पुष्कळ आहेत. रोगाच्या निदानासाठी छातीचे क्ष-किरण चित्र व थुंकीची परीक्षा करावी लागते.

नोकरी जाईल या भीतीने खोकला लपविणे मुलांना सर्वांत घातक ठरते. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय सुमारे सहा महिन्यांच्या उपचारांनी बरा होतो, आणि संसर्गाचा धोका टळल्याचे डॉक्टरांनी ठरविल्यावर रोग्याला कामावर परतता येते. मात्र आजची निर्दोष छाती उद्याची हमी देत नाही. खोकला दोन आठवडे टिकल्यास नोकरीत असतानाही पुन्हा तपासणी करून घ्यावी.