मुदतीचा ताप : जुना रोग, नवे संशोधन

विषमज्वर अथवा टायफॉइड हा रोग मराठी घरांना अपरिचित नाही. आपली वडीलधारी मंडळी त्याला 'मुदतीचा ताप' म्हणत. एकवीस दिवसांची मुदत, पेजेचे पथ्य आणि त्या मुदतीअखेर रोगी उठेल की नाही याची घरादाराला लागलेली चिंता हे सारे त्या नावात सामावलेले होते. १९४८ साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने विषमज्वर बरा होतो हे सिद्ध झाले आणि ही मुदत संपली. पुढील पिढीला हा रोग किरकोळ वाटू लागला. गेल्या काही वर्षांतील संशोधन मात्र आपल्याला वेगळाच इशारा देत आहे. हाती आलेली औषधे एकेक करून निसटत आहेत आणि ती का निसटली याचे उत्तर आता जिवाणूच्या जनुकांतच वाचता येते. या संशोधनाचा परिचय वैद्यकव्यावसायिकांना आणि समाजबांधवांना करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

औषधांची उतरती भाजणी

विषमज्वराचा जिवाणू साल्मोनेला टायफी हा केवळ मानवातच राहतो. दूषित पाणी व अन्न यांवाटे तो आतड्यात शिरतो, तेथून रक्तात व यकृत-प्लीहेत पसरतो आणि काही रुग्णांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे दडून बसतो. अशी वाहक व्यक्ती स्वतः निरोगी दिसते, परंतु इतरांना रोग देत राहते.

१९७२ साली मेक्सिकोत आणि त्याच वर्षी केरळातील कालिकत येथे क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या विषमज्वराच्या साथी आल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अँपिसिलिन व कोट्रायमॉक्सझोल हीही निष्प्रभ ठरू लागली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा आधार मिळाला, परंतु जिवाणूच्या एका जनुकातील सूक्ष्म बदलांनी तोही भारतीय उपखंडात बव्हंशी गेला. उरले सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन व सेफिक्झिम, आणि तोंडाने घेण्याचे अ‍ॅझिथ्रोमायसिन.

दोन हैदराबाद

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहरात वैद्यांना असे रुग्ण दिसू लागले, की ज्यांचा ताप सेफ्ट्रिअ‍ॅक्झोननेही उतरेना. कराची येथील आगा खान विद्यापीठ आणि इंग्लंडमधील सँगर इन्स्टिट्यूट यांच्या शास्त्रज्ञांनी या जिवाणूंच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन केले व २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपखंडात आधीपासून पसरलेल्या 'एच ५८' या कुळातील टायफी जिवाणूने प्लाझ्मिड नावाचे डीएनएचे एक लहान वर्तुळ बाहेरून मिळवले होते. त्या वर्तुळावर सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन नष्ट करणाऱ्या विकराचे जनुक होते. अशाच धाटणीची प्लाझ्मिडे ई. कोलाय या आतड्यातील नित्याच्या जिवाणूत पूर्वी आढळली होती.

या शोधाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सर्दी, विषाणुजन्य ताप किंवा साधी हगवण यांसाठी आपण अनावश्यक प्रतिजैविक घेतो, तेव्हा त्या ठिकाणी टायफीचा जिवाणू नसतोही. परंतु आतड्यातील अब्जावधी निरुपद्रवी जिवाणूंपैकी जे औषधाला पुरून उरतात, ते वाढतात. त्यांच्याजवळ प्रतिरोधाची जनुके साठत जातात. पुढे कधी टायफीचा जिवाणू त्यांच्या सहवासात आला, तर ती जनुके उसनी घेतो. निष्काळजीपणे दिलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब असा दुसऱ्याच कोणाच्या तरी आजारपणात चुकता होतो.

अशा व्यापक प्रतिरोधी जिवाणूंवर मुख्यतः अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि शिरेतून देण्याचे महागडे मेरोपेनेम एवढीच औषधे उरतात. त्यांपैकी अ‍ॅझिथ्रोमायसिनलाही धोका आहे. औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपाच्या प्रथिनात केवळ एक घटक बदलला की जिवाणू त्या औषधाला जुमानत नाही, हे बांगलादेशातील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले. पुढे भारतातही असे जिवाणू आढळले.

योगायोग असा, की या संकटावरचे एक प्रभावी साधन दुसऱ्या, म्हणजे दख्खनच्या हैदराबादेत तयार झाले. विषमज्वराच्या जिवाणूभोवती 'व्हीआय' नावाच्या शर्करेचे कवच असते. त्या शर्करेची जुनी लस दोन वर्षांखालील बालकांत परिणाम करीत नसे व तिचे संरक्षणही अल्पकाळ टिके. हीच शर्करा धनुर्वाताच्या टॉक्साइड प्रथिनाला जोडली असता शरीराची प्रतिकारयंत्रणा तिला चांगल्या रीतीने ओळखते व लक्षात ठेवते. या तत्त्वावर भारत बायोटेकने बनवलेल्या संयुग्मित लशीला भारतात २०१३ साली परवाना मिळाला आणि २०१७ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता लाभली. सहा महिन्यांच्या बालकापासून पुढे तिची एकच मात्रा स्नायूत दिली जाते.

नेपाळमधील वीस हजारांवर मुलांच्या चाचणीत या लशीने सुमारे ८२ टक्के संरक्षण दिल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. आफ्रिकेतील मलावी देशात चार वर्षांहून अधिक काळानंतरही ते ७८ टक्के राहिले. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली एक लाखाहून अधिक मुलांना ही लस सार्वजनिक मोहिमेतून दिली, ही मराठी वाचकांना अभिमानाची गोष्ट होय. पाकिस्तानने नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आपल्या नियमित लसीकरणात समाविष्ट केली. असे करणारा तो पहिला देश ठरला. लस रोगच टाळते, त्यामुळे प्रतिरोधी व साध्या अशा दोन्ही जिवाणूंविरुद्ध ती सारखीच उपयोगी पडते. पॅराटायफी 'ए' जिवाणूला मात्र हे कवच नसल्याने त्याच्या तापापासून ही लस वाचवू शकत नाही.

निदानातील उणीव

लस उत्तम असली तरी निदान सदोष राहिले तर प्रतिजैविकांचा गैरवापर थांबणार नाही. विडाल चाचणी १८९६ सालची आहे. ती जिवाणू शोधत नाही, त्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे मोजते. पूर्वीचा संसर्ग, लस किंवा अन्य जिवाणूंशी साधर्म्य यांमुळेही ती सकारात्मक येते आणि पहिल्या आठवड्यात खऱ्या रुग्णातही नकारात्मक येऊ शकते. तरीही 'विडाल निघाली' म्हणून औषध सुरू करण्याची प्रथा सर्वत्र आहे.

ब्लड कल्चर ही तपासणीही सर्वगुणसंपन्न नाही. शंभर खऱ्या रुग्णांपैकी सुमारे साठांतच तिच्यात जिवाणू सापडतो. परंतु कोणते औषध चालेल हे सांगणारी व्यवहार्य तपासणी तीच. ती प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी, पुरेसे रक्त घेऊन करावी. आणखी एक गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांनी ध्यानात ठेवावी. योग्य औषध चालू असतानाही विषमज्वराचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी घाबरून औषध बदलण्याचा आग्रह धरू नये, आणि ताप उतरताच गोळ्या बंदही करू नयेत.

पाण्याची गोष्ट

भारतातील मुलांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. दर एक लाख मुलांमागे वर्षाला विषमज्वराचे रुग्ण वेल्लोरच्या शहरी वस्तीत ११७३, कोलकात्यात ७१४ आणि दिल्लीत ५७६ आढळले. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भागात हाच आकडा केवळ ३५ होता. एकाच देशात, एकाच काळात एवढी तफावत आढळते, याचा अर्थ हा रोग अटळ नाही. युरोप-अमेरिकेत प्रतिजैविकांचा शोध लागण्यापूर्वीच गाळलेल्या व क्लोरिनयुक्त पाण्याने विषमज्वर ओसरला होता, हा इतिहासही हेच सांगतो.

म्हणून वैद्यकबंधु-भगिनींना नम्र विनंती, की ताप आलेल्या प्रत्येकाला प्रतिजैविक देण्याआधी क्षणभर थांबावे, शक्य तेथे कल्चर करावे आणि बालरुग्णांच्या पालकांना लशीची माहिती द्यावी. समाजबांधवांनी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारून गटार वाहत असेल तर नगरपालिकेकडे तक्रार करताना संकोचू नये. आपल्या पूर्वजांना मुदत मोजत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्या नातवंडांवर ती पाळी पुन्हा येऊ न देणे हे या पिढीच्या हाती आहे.