गोड्या पाण्यांतील खारा मासा

पाण्यास आपल्या भाषेंत 'जीवन' असें नांव आहे. उन्हाळ्यांत गोड्या पाण्याच्या एका हंड्यासाठीं किती कष्ट पडतात, हें जालना जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको. तेंच गोडें पाणी एखाद्या जिवाचा घात करतें, हें पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. परंतु केवळ रंगरूप पाहून आणलेला समुद्रांतील मासा घरच्या कांचपेटींत सोडला, तर नेमकें असेंच घडतें.

समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तांत त्याच्या साधारण एकतृतीयांश. कैरीच्या फोडींस मीठ लावलें कीं पाणी सुटतें, आणि मनुका पाण्यांत टाकली कीं फुगते, हें आपण स्वयंपाकघरांत पाहतों. समुद्रांतील मासा कैरीसारखा आहे. त्याच्या अंगांतील पाणी सतत बाहेर जातें. म्हणून तो समुद्राचें पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतो. गोड्या पाण्यांत त्याची मनुका होते. पाणी आंत शिरतें, क्षार बाहेर जातात, आणि इतकें पाणी बाहेर टाकण्याची शक्ति त्याच्या मूत्रपिंडांस नसते. तो धापा टाकतो, त्याचा तोल जातो, व अखेर तो मरतो.

मग त्यास वांचवावें कसें? प्रथम मासा ओळखावा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश हा निव्वळ समुद्राचा. त्याच्या बाबतींत विलंब करूं नये. ज्या पाण्यांतून तो आणला तें शिल्लक असल्यास त्यांतच त्यास ठेवावें, हवेचा पंप लावावा, व तो दुकानांतील समुद्री टाकींत पोंचवावा. स्वयंपाकाचें मीठ कांचपेटींत ओतूं नये. त्यानें पेटींतील इतर मासे मरतात, आणि समुद्राच्या पाण्यांत असणारे मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि क्षार त्यांत पुरेसे नसतात. शेजारच्या लोणार सरोवराचें पाणीहि खारें खरें, पण तो खारेपणा सोड्याचा आहे. पाणी घरींच करावयाचें झाल्यास समुद्री क्षारांचें तयार मिश्रण निराळ्या भांड्यांत, क्लोरीन काढलेल्या पाण्यांत विरघळवून, त्याचा खारेपणा हायड्रोमीटरनें मोजून घ्यावा.

खाडीच्या मुखाशीं वाढणारा रुपेरी मोनो मासा निराळा. तो गोड्या पाण्यांत कांहीं काळ तग धरतो, म्हणूनच त्याच्याविषयीं फसगत होते. त्यास वेगळ्या टाकींत ठेवून पाण्याचा खारेपणा कांहीं आठवड्यांत हळूहळू वाढवावा. कोंकणांतील जिताडा दोन्हीं पाण्यांत राहूं शकतो. परंतु ही शक्ति थोड्यांसच लाभली आहे.

दया येऊन असा मासा विहिरींत किंवा कुंडलिकेंत सोडणें ही मात्र सुटका नव्हे. पाणी गोडें तें गोडेंच. कांचेच्या पेटीऐवजीं तो नदींत मरेल, एवढाच काय तो फरक. मुलांनो, पाळलेल्या जिवावर तुमचें प्रेम असतें, हें आम्ही जाणतों. पण त्यास काय हवें, याची चौकशी घरीं आणण्यापूर्वीं केली, तरच तें प्रेम त्याच्या उपयोगी पडेल.